किती उशा घेऊन झोपता?

दम लागतो म्हणून कोणी आजोबांच्या दवाखान्यात आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, रात्री किती उशा घेऊन झोपता? नवा पेशंट गोंधळायचा, की मी सांगतोय जिना चढताना काय होतं ते आणि हे विचारतायत उशीचं. आजोबा शांत बसून राहायचे. उत्तर आलं की पुढचा प्रश्न, गेल्या वर्षी किती घ्यायचात? मध्यरात्री गुदमरल्यासारखं होऊन जाग येते का, उठून खिडकीशी बसावंसं वाटतं का? हे सगळं झालं की मग कुठे स्टेथोस्कोप कानाला लागायचा.

लहानपणी हे कितीतरी वेळा कानावर पडलेलं, पण त्याचा अर्थ त्यांनी मला खूप नंतर समजावून सांगितला. हृदय थकलेलं असलं की माणूस आडवा झाल्यावर पायांकडे साठलेलं रक्त परत छातीकडे येतं, ते पुढे ढकलायची ताकद हृदयात उरलेली नसते, मग फुप्फुसांत पाणी साचायला लागतं आणि श्वास कोंडतो. उठून बसलं की बरं वाटतं. म्हणून माणूस नकळत एक उशी वाढवतो, काही महिन्यांनी अजून एक, आणि त्याला वाटत राहतं की मान अवघडते म्हणून घेतोय. आजोबा म्हणायचे, तो रोज रात्री स्वतःचं हृदय स्वतःच मोजत असतो, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

असे प्रश्न त्यांच्याकडे भरपूर होते. संध्याकाळी चपला घट्ट होतात का. पट्टा आता कितव्या भोकावर लावता, आणि आधी कितव्यावर लावायचात. रात्री लघवीला किती वेळा उठता. चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय का, कारण रक्तातली साखर वरखाली होत असली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर हलतो, आणि बिचारा माणूस चष्मे बदलत बसतो, डायबेटिसचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. पट्ट्याच्या भोकावरून वजन उतरलेलं कळायचं. वजनकाटा होताच की दवाखान्यात, पण काटा आजचं वजन सांगतो, सहा महिन्यांपूर्वीचं नाही. पट्ट्यावर मात्र जुन्या भोकाची सुरकुती राहिलेली असते.

हे कोणाला जुन्या काळातलं कौतुक वाटेल म्हणून सांगते. १९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापून आला होता, ८० नव्या पेशंटचा. त्यातल्या ६६ जणांचं निदान रेफर करणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि पेशंटशी बोलूनच बरोबर झालं होतं, अंगाला हात लावायच्या आधी. तपासून ७ जणांचं बदललं आणि लॅबच्या टेस्टनी आणखी ७ जणांचं. आज मशीन कितीतरी पुढे गेलीयेत हे खरंच आहे आणि आजोबाही त्याच्या विरोधात अजिबात नव्हते, सोनोग्राफी आली तेव्हा तर त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला होता. पण टेस्ट कुठली करायची हे ठरवायला आधी बोलावं लागतं, यावर ते शेवटपर्यंत ठाम होते.

तर माझे आजोबा फॅमिली डॉक्टर होते. मोठं हॉस्पिटल नाही, नावापुढे लांबलचक डिग्र्या नाहीत. तपासायची एक खोली, बाहेर बाकडी, आणि कंपाउंडरकाकांची खिडकी. शिक्षण कसं झालं, किती हाल काढले वगैरे त्यांनी कधी फार सांगितलं नाही आणि आम्हीही उकरून काढलं नाही. एकाच जागी आयुष्यभर बसले. ज्या मुलाला त्यांनी गोवराचे डाग दाखवून आईला धीर दिला, तोच मुलगा पुढे आपल्या मुलाला घेऊन आला, आणि मग नातवाला.

मला आठवतो तो दवाखाना म्हणजे स्पिरिटचा वास आणि उकळत्या पाण्याचा आवाज. काचेच्या सिरिंज तेव्हा होत्या, स्टरिलायझरमध्ये उकळायच्या, चिमट्याने उचलायच्या, आणि सुईच्या आत बारीक तार घालून ती साफ करायची, बोथट झाली की दगडावर घासून धार लावायची. मिक्स्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असायची. डिस्पोजेबल सिरिंज आल्या आणि त्यातही एड्सचं भान आलं तसं त्यांनी काचेच्या सगळ्या एका दिवसात बंद केल्या, सवय म्हणून एकही ठेवली नाही. कंपाउंडरकाकांना वाईट वाटलं होतं. आजोबांना नाही. पेशंटला धोका असेल तर सवयीला काही किंमत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

आता हे एक मला नीट सांगायचंय. आमच्या घरात पाण्याचं एक उंच पिंप होतं, पत्र्याचं, झाकण जड. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आजोबांनी मला त्याच्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, बाळा, झाकण न उघडता सांग पाणी कुठपर्यंत आहे. मी कुठेही बोट दाखवलं. मग त्यांनी डाव्या हाताचं मधलं बोट पत्र्यावर सपाट दाबून ठेवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्याच्यावर टकटक, मनगटातून, वरपासून खाली येत. वर आवाज घुमत होता. एका जागी आला आणि एकदम बद्द झाला. तिथे त्यांनी खडूने रेघ मारली, झाकण उघडलं, पाणी बरोबर त्या रेघेवर. मी मग घरभर टकटक करत फिरले, कपाटं, भिंती, दारं, आजीची ट्रंक. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या पाठीवर ठोकायला दिलं. फुप्फुस असतं तिथे घुमतं, आणि खाली आलं की बद्द.

हे ठोकून बघणं लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरने शोधलं आणि १७६१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या वडिलांचा खानावळीचा धंदा होता, आणि पिंपात दारू किती उरलीय ते असं ठोकून बघतात हे त्याने लहानपणी पाहिलं होतं असं सांगतात. त्याच्या काळात फारसं कोणी लक्ष दिलं नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १८०८ मध्ये, नेपोलियनच्या डॉक्टरने, कोर्व्हिसारने, ते पुस्तक फ्रेंचमध्ये आणलं तेव्हा कुठे ते सगळीकडे गेलं. आणि याच कोर्व्हिसारच्या हाताखाली शिकलेल्या लाएनेकने १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून एका बाईच्या छातीला लावली, तो पहिला स्टेथोस्कोप. आजोबांना ही गोष्ट इतकी आवडायची की वर्षातून दोनदा तरी ऐकवायचे, आणि दर वेळी ती पन्नास वर्षं आली की थांबायचे, म्हणायचे, विचार कर, एवढी साधी गोष्ट, हातात काही नको, फक्त दोन बोटं, आणि पन्नास वर्षं पडून राहिली.

आजोबा म्हणून ते कसे होते असं कोणी विचारलं तर मला पोटदुखी आठवते. आम्हा नातवंडांपैकी कोणाचं पोट दुखलं की ते म्हणायचे, एका बोटाने दाखव कुठे दुखतंय. बेंबीवर बोट गेलं की ते जवळ बसायचे आणि अगदी सहज विचारायचे, उद्या शाळेत काय आहे? ॲपली नावाचे मुलांचे डॉक्टर होते, त्यांचं निरीक्षण होतं की मुलांच्या वारंवार होणाऱ्या पोटदुखीत बोट बेंबीपासून जितकं लांब जाईल तितकं आत काहीतरी असण्याची शक्यता जास्त. ते नाव आणि तो नियम मला पुढे कळला. पण महत्त्वाचं हे की आजोबा कधीही, एकदाही, असं म्हणाले नाहीत की तुला काही झालेलं नाही, नाटक करू नकोस. पोट खरंच दुखतंय हे ते मान्य करायचे, पोटावर हात ठेवून तपासायचे सुद्धा, आणि मग गणिताच्या पेपरबद्दल बोलायचे. माझ्या धाकट्या भावाला वर्गातली दोन मुलं त्रास द्यायची हे घरात सगळ्यांच्या आधी आजोबांना कळलं ते असंच.

पण घरच्यांचं मोठं दुखणं त्यांनी कधी स्वतःकडे ठेवलं नाही. आजीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते बाहेर बाकावर बसून होते, बाकीच्या नातेवाइकांसारखे, एकदाही आत जाऊन मी डॉक्टर आहे म्हणाले नाहीत. आत्या तेव्हा चिडली होती की तुम्हाला एवढं कळतं तर बोलत का नाही. आपल्या माणसाच्या बाबतीत काळजीने डॉक्टरची बुद्धी झाकोळते हे पर्सिव्हल नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १८०३ मध्येच लिहून ठेवलंय, आजोबांनी ते पाळलं. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात अवघड काम असणार, कारण त्यांचे हात त्या दिवशी मांडीवर असे घट्ट धरलेले होते.

रात्रीच्या व्हिजिटा. दाराशी बॅग तयार, बीपीचं पाऱ्याचं उपकरण, टॉर्च, जीभ दाबायचा चमचा, ॲड्रेनलीनची ॲम्प्यूल आणि ती कापायची चिमुकली पाती. फोन वाजला की आजी आधी उठायची, अहो म्हणेपर्यंत ते पायात चपला घालत असायचे. जाताना आमच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे, उजेड पडू नये म्हणून. पैशांचं ज्याला जमायचं तो द्यायचा, नाही जमलं तर त्यांनी कधी विचारलं नाही, आणि हे मोठेपणा म्हणून नाही तर खरंच त्यांच्या लक्षात राहायचं नाही, हिशेब आजी बघायची.

दोन गोष्टींवर मात्र ते वाद घालायला तयार असायचे. एक म्हणजे सर्दीला अँटिबायोटिक. सर्दी व्हायरसने होते, अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, हे ते एकाच दिवसात दहा जणांना तेवढ्याच शांतपणे सांगू शकायचे. कोणी म्हणालं, डॉक्टर, एक इंजेक्शन देऊन टाका ना, लवकर बरं वाटेल, तर ते खुर्ची पुढे ओढून फ्लेमिंगचं सांगायला लागायचे. पेनिसिलिन ज्याने शोधलं त्यानेच १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणात बजावलं होतं की अर्धवट डोस घेतलात तर जंतू शिकतील, निगरगट्ट होतील. काही पेशंट यावरून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. आजोबांनी जाऊ दिले. त्यातले बरेच परत आले आणि ते आल्यावर आजोबांनी चुकूनही जुना विषय काढला नाही.

दुसरी गोष्ट जुलाबाची. मीठ-साखरेचं पाणी यावर ते जितकं बोलायचे तितकं कुठल्याच महागड्या औषधावर बोलले नसतील. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्याने सपाट अर्धा चमचा मीठ. त्यांचं म्हणणं असायचं की कारण समजलं तर आई विसरणार नाही, म्हणून ते कारण सांगायचे, जुलाब चालू असताना सुद्धा आतड्याचं एक दार उघडं राहतं, साखर आत जाताना मिठाचा हात धरून जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजायला घरच्या माणसांनाच सांगितलं, आणि तिथले मृत्यू तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. हे सांगताना आजोबांचा आवाज बदलायचा. डॉक्टर नाही, नर्स नाही, बाजूला बसलेली आई, बहीण, कोणीही, चमच्याने पाजत बसलं आणि माणूस वाचला. त्यांना या धंद्यात जे काही पवित्र वाटायचं ते हेच होतं असं मला वाटतं.

मी मोठी झाल्यावर एकदा त्यांना विचारलं की इतकी वर्षं तीच माणसं बघून कंटाळा नाही आला का. ते म्हणाले, अगं, पहिली पाच वर्षं तर ओळख होण्यातच जातात. हे त्यांनी कुठल्या अभ्यासावरून म्हटलं नव्हतं, पण नॉर्वेमध्ये ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२१ साली एक अभ्यास आला, की ज्यांचा फॅमिली डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ एकच आहे त्यांच्यात, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, तातडीने हॉस्पिटलमध्ये भरती व्हायचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आणि मृत्यूचं २५ टक्क्यांनी कमी. अशा अभ्यासातून कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण मी तो वाचला तेव्हा ते पंधरा वर्षं म्हणजे काय हे मला आकड्यात नाही, माणसांत दिसलं, बाकड्यावर बसलेल्या. एखाद्या बाईंचा आवाज आज नेहमीसारखा नाही हे कळायला नेहमीचा आवाज माहीत असावा लागतो ना.

आजोबांच्या खोलीत पुढे एका वर्षी आजी चादर बदलत होती आणि मी उशा उचलल्या, तीन निघाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, बघितलंस ना, मी वाट बघत होतो कोण आधी विचारतंय. मग पायजमा वर करून नडगीवर अंगठा दाबला, थोडा वेळ दाबून ठेवला, काढला. खड्डा तसाच राहिला, हळूहळू भरत आला. हे सूज तपासायचं असं असतं, हाडावर दाबायचं, मांसावर नाही, म्हणाले. मला रडू येत होतं आणि ते मला शिकवत होते. मग मी पण दाबून बघितलं, त्यांनी सांगितलं म्हणून, दुसऱ्या पायावर.

त्यांच्या डॉक्टरांनी पाणी कमी करायच्या गोळ्या दिल्या, मीठ कमी, रोज सकाळी वजन. ते त्यांनी अगदी आज्ञाधारक पेशंटसारखं पाळलं, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा हे भिंतीवर स्वतःच्या अक्षरात लावलं होतं. चांगली दोन-अडीच वर्षं त्यात गेली. रोज सकाळी माझा फोन असायचा आणि आम्ही आधी वजन बोलायचो आणि मग बाकीचं. शेवटच्या महिन्यात वजन बोलणं त्यांनीच बंद केलं, म्हणाले आता तुझं सांग. त्या महिन्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. ते घरीच होते, श्वासाला त्रास होऊ नये एवढी औषधं होती, आणि कोणीही उगाच धावपळ करायची नाही हे त्यांनी आधीच आपल्या डॉक्टरांशी आणि आमच्याशी बोलून, लिहून ठेवलं होतं, त्यामुळे आम्हाला त्यांच्याजवळ नुसतं बसता आलं. यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन.

त्यांची कपाटभर केसपेपरं मात्र राहिली होती. ते माणसाचं नाही तर घराचं पाकीट करायचे, एका घराचे सगळे एका खाकी पाकिटात, आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत. केसपेपरच्या पुढच्या बाजूला औषधं, मागच्या बाजूला पेन्सिलीने एखादी ओळ. त्या ओळी आम्ही वाचायच्या नव्हत्या. घरात त्यांनी पेशंटचं नाव कधी काढलं नाही, आजीलाही शेजारणीचं दुखणं शेजारणीकडूनच कळायचं. एक ओळ मला माहीत आहे ती आमच्याच पाकिटातली, माझ्या बाबांच्या कागदामागची, ते नोकरीच्या काळजीत असतानाची, झोप नाही, विचारू नये, सोबत फिरायला न्यावे. आणि बाबांना आठवतं की त्या वर्षी आजोबा रोज रात्री दवाखाना बंद करून, दिवसभर उभं राहून दमलेले असताना, म्हणायचे चल जरा पाय मोकळे करू.

दवाखाना त्यांनी आजारपणातच एका तरुण डॉक्टरीणबाईंना सोपवला. प्रत्येक घराला विचारलं की तुमचं पाकीट त्यांच्याकडे देऊ की तुम्हाला परत देऊ, आणि ज्यांनी हो म्हटलं त्यांची पाकिटं घेऊन दोघं दुपारी बसायचे, एकेक घर उलगडत, बाई वहीत लिहून घेत असायच्या. ज्यांना विचारायचं राहिलं त्यांचं काम आत्याने घेतलंय. तिच्याकडे यादी आहे, जुने लँडलाईन नंबर आहेत, बरेचसे बंद पडलेले, मग कोणाच्या तरी ओळखीने नवा नंबर काढायचा, फोन करायचा, आधी आपली ओळख सांगायची, मग पाकिटाचं. बहुतेक जण फोनवर लगेच काही ठरवत नाहीत, आधी आजोबांबद्दल बोलतात, अर्धा-अर्धा तास, आणि आत्या ऐकून घेते. काल एका काकांचा पत्ता लागला, आता दुसऱ्या गावी मुलाकडे असतात, म्हणाले पोस्टाने नको, मी स्वतः येतो रविवारी.